तफावत दिसली की आधी 17-सी पाहा

संपादक महोदय,

मतमोजणीत एखाद्या यंत्रात 17-सीपेक्षा (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब असलेल्या नमुन्यापेक्षा) पन्नासेक मतं जास्त निघाली की घोटाळ्याची ओरड सुरू होते. असा आकडा दिसला तर आधी अभिरूप मतदान आठवावं. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकून यंत्र तपासतात. मग केंद्राध्यक्षाने क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमाने दाबायची आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून घ्यायच्या. सकाळच्या घाईत क्लिअर राहिलं, तर ती मतं खऱ्या मतांत मिसळतात. मग फरक नेमका अभिरूप मतांइतकाच येतो. असं यंत्र बाजूला ठेवतात. 2025पूर्वी विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतकं किंवा त्याहून कमी असेल, तरच चिठ्ठ्या मोजत; आता अशा यंत्राच्या चिठ्ठ्या मोजतातच. उलट, सही करून मत न देताच निघून गेलेल्या मतदारामुळे यंत्रात एखाद-दुसरं मत कमीही दिसतं.

2024च्या विधानसभेला मतदान आणि मोजणीत सुमारे 5 लाखांची तफावत असल्याची चर्चा झाली. मतदानाच्या आकड्यात फक्त यंत्रावरची मतं होती, मोजणीत 5 लाख 38 हजारांहून अधिक टपाली मतंही होती.

लबाडी वेगळी दिसते. चुका सहसा सगळ्याच बाजूंना विखुरतात. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत (जानेवारी 2024) मात्र बाद ठरवलेली आठही मतं एकाच उमेदवाराची होती आणि मतपत्रिकांवर खुणा करताना खुद्द अधिकारीच कॅमेऱ्यात दिसले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

म्हणून प्रतिनिधींना कळकळीची विनंती: मतदान संपताच 17-सीची सही असलेली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. मोजणीच्या टेबलावर तीन गोष्टी ताडून पाहा: कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, मोहरांचे क्रमांक, एकूण मतं. एकूण मतं जुळली नाहीत तर खुलासा मागा. पण यंत्राचा किंवा मोहरेचा क्रमांकच जुळत नसेल तर पुढचं बटण दाबू देऊ नका, निरीक्षकांना बोलवा आणि हरकत लेखी द्या. फेरमोजणीचा अर्जही कारणांसह लेखीच लागतो आणि तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अंतिम निकालपत्रावर सही करण्याआधी द्यावा लागतो. त्यानंतर उरते ती उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, तीही 45 दिवसांच्या आत.

आयोगानेही प्रत्येक केंद्राचा 17-सी निकालासोबतच संकेतस्थळावर टाकावा.

— एक मतमोजणी प्रतिनिधी, सातारा