उधळ्या मुलाला आम्ही तीनदा घरी आणले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात लेंटविषयी, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाविषयी, एक चौकट आली होती. '४० दिवसांचा उपवास, १८ फेब्रुवारी ते ५ एप्रिल.' त्या दिवशी सकाळी सव्वासातलाच मला आमच्या ड्रायव्हरचा फोन आला. आम्ही दोघांनी टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसवर अकरा वर्षे एकत्र काढली. तो स्टिअरिंगवर, मी तिकिटांवर. आता दोघेही निवृत्त. तो माळकरी आहे, एकादश्या मोजून करणारा. म्हणाला, "अरे, मी बोटांवर मोजले. सत्तेचाळीस भरतात. तुमचे चाळीस कुठले?"

त्याचे बरोबर होते. राखेच्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, उपवासकाळ सुरू झाला तो ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत, ४ एप्रिलपर्यंत. रविवार ५ एप्रिल हा सणाचा दिवस, तो उपवासात येत नाही. उरले ४६. त्यात ६ रविवार. प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपासात धरायचा नाही. आता झाले चाळीस. वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) जुळल्याशिवाय डेपोतून घरी जायची आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे त्याचाही जीव भांड्यात पडला.

पण पत्र लिहायचे कारण चौकटीतली शेवटची ओळ. 'या काळात चर्चमध्ये मान्यवर वक्त्यांची प्रवचने होतात.' होतात, हे खरे. मी गेली बावीस वर्षे ती ऐकतो आहे, आणि नोकरीची खोड म्हणा, वहीत टिपतोही आहे. तारीख, वक्ते कुठून आले, बायबलमधला उतारा, सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ. त्या वहीच्या भरवशावर सांगतो, मान्यवर वाढत चालले आहेत आणि प्रवचन आटत चालले आहे.

लेंटमधल्या बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मराठी उपासना असते. दर बुधवारी बाहेरून वेगळे पाहुणे येतात. पूर्वी स्टेशनवर त्यांना आणायला मीच जायचो. दुपारच्या डेक्कन एक्स्प्रेसने पुण्याहून आलेला माणूस गर्दीत ओळखायची माझी खूण ठरलेली होती: हातात चेन असलेली बायबलची पिशवी आणि चेहऱ्यावर 'रिक्षा कुठे मिळेल?'. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून त्यांना बाहेर काढून घरी आणायचे, चहा द्यायचा. जेवणाचा प्रश्न यायचा. लेंटमध्ये आमच्याकडे मटण बंद असते, आमटी-भाकरीवर भागायचे. एका पाहुण्यांनी मात्र हळूच विचारले होते, "वहिनी, सुकट चालते ना तुमच्याकडे?" चालत होती.

या वर्षीची वही उघडतो. पहिल्या पाच बुधवारी पाच वक्ते. पाचांपैकी तिघांनी बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या मुलाचा, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या मुलाचा, दाखला घेतला. एकाच उधळ्या मुलाला आम्ही पाच आठवड्यांत तीनदा घरी आणले. तिन्ही वेळा बापाने धावत जाऊन गळ्यात मिठी मारली, तिन्ही वेळा थोरला भाऊ रुसला. यात वक्त्यांचा काय दोष? आधीच्या बुधवारी काय झाले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना कळवली होती ती तारीख, वेळ आणि 'आपला बायोडेटा व फोटो फ्लेक्ससाठी पाठवावा' एवढी सूचना.

तो बायोडेटा मग वाचला जातो. तिसऱ्या बुधवारची नोंद देतो. उपासना सुरू ७.३२. गीते, प्रार्थना, शास्त्रवाचन ८.०१ पर्यंत. पाहुण्यांचा परिचय १४ मिनिटे. त्यात ते कोणत्या साली कोणत्या देशात परिषदेला गेले, हेही आले. शाल, पुष्पगुच्छ, फोटो ९ मिनिटे. अर्पण, सूचना, वाढदिवस ११ मिनिटे. प्रवचन १७ मिनिटे. शेवटी आभार ६ मिनिटे, म्हणजे जवळजवळ प्रवचनाच्या एक तृतीयांश. पाहुणे बिचारे घड्याळाकडे बघत उरकत होते, कारण सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली होती. बसमध्ये डबल बेल मी द्यायचो, पण माणूस पायरीवर असताना कधी दिली नाही.

पाहुणे उपदेशक ठाण्याला नवे नाहीत. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ साली इथल्या सेंट जेम्स चर्चच्या अर्पणविधीला आले होते. त्यांचा परिचय किती मिनिटे चालला, याची नोंद माझ्या वहीत नाही.

लांब बोलणारा वाईट, असेही मी म्हणत नाही. वहीतला उच्चांक ५८ मिनिटांचा आहे. ९ मार्च २०१६, बुधवार. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले, साठीच्या आसपासचे पाळक (पास्टर). फ्लेक्स नव्हता, शाल नव्हती, परिचय एका वाक्याचा. उतारा मत्तय ४, अरण्यातली परीक्षा. येशू चाळीस दिवस उपाशी आहे आणि सैतान म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर. हे वाचून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात माझी आई रोज तेच करत होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची. सकाळी दगड, संध्याकाळी त्याची भाकरी. मी पोरगा, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उन्हात बसायचो. कामावर मुलांना सुकडी मिळायची, ती मी खायचो. आई चाखायचीसुद्धा नाही, धाकट्यांसाठी पदराला बांधायची. मग त्यांनी मंडळीला विचारले, दगडाची भाकरी करणे पाप असेल तर माझ्या आईने पाप केले का?

त्यांनी उत्तर लगेच दिले नाही. अर्धा तास आम्हाला त्या खडीवर फिरवले. हातोडीचा दांडा कसा तुटायचा, डोळ्यात कच गेली की बाया एकमेकींच्या पापण्या पदराने कशा उघडायच्या, मुकादम ढीग मोजताना टेप कसा सैल धरायचा. शेवटी म्हणाले, येशू भाकरीला नाही म्हणाला नव्हता, एकट्यापुरत्या भाकरीला नाही म्हणाला. पुढे पाच हजारांना त्यानेच बसवून जेवू घातले. माझ्या आईने सुकडी पदराला बांधली, तेव्हा तिने सैतानाला उत्तर दिले.

ते थांबले तेव्हा साडेनऊ वाजले होते. मी सोडून कोणी घड्याळ पाहिले नसावे. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा आपल्या अंकातला फोटो मी कापून त्याच पानाला टाचला. तो अजून तिथे आहे. हे पाळक परत आमच्याकडे बोलावले गेले नाहीत. मी दोनदा नाव सुचवले. 'बघू' म्हणाले.

दुसरी नोंद ११ मिनिटांची. १९ एप्रिल २०१९, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी दुपारी १२ ते ३ अशी तीन तासांची उपासना असते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या (क्रुसावरच्या) सात उद्गारांवर सात जण बोलतात. (ही पद्धत दक्षिण अमेरिकेतल्या लिमा शहरात १६८७च्या भूकंपानंतर एका जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली, हे मला एका पाहुण्यांकडूनच कळले. पाहुण्यांचा असा फायदा असतो.) त्या वर्षी पाचव्या उद्गारासाठी ठरलेले वक्ते आयत्या वेळी आले नाहीत. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि तिसऱ्या बाकावरच्या एका निवृत्त सिस्टरांना बोलावले. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षे नोकरी केलेल्या बाई.

पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे.' त्या पदर सावरून म्हणाल्या, मला प्रवचन येत नाही, मी वॉर्डातले सांगते. ऑपरेशनच्या आधी पाणी द्यायचे नसते. पेशंट मागतो, नातेवाईक रडतात, आणि नाही म्हणायचे काम सिस्टरचे. आम्ही कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावतो. शेवटच्या घटकेलाही माणूस बायको मागत नाही, पैसा मागत नाही, पाणी मागतो. आमच्या बायबलमध्ये लिहिले आहे की शिपायांनी आंबेत भिजवलेला स्पंज काठीवर लावून त्याच्या तोंडाशी धरला. (आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस; आमच्या ड्रायव्हरला आधी कैरीचे पन्हे वाटले.) त्या म्हणाल्या, इतकी वर्षे मी हे वाचताना त्या शिपायांचा राग करत होते. मग एका रात्री बोळा धरलेला माझाच हात पाहिला. त्यांतल्या एखाद्याला खरोखर दया आली नसेल कशावरून?

आमचा ड्रायव्हर त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता, शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसला होता. त्याच्या गावी हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस सात कीर्तनकार येतात, पण रोज कोणता अभंग झाला हे गावातल्या पोरांनाही ठाऊक असते, आणि काल्याच्या कीर्तनाला कोण उभे राहणार हे नीट विचार करून ठरते. तो मला म्हणाला, "तुमच्याकडे सातांत एकच कीर्तन झाले, त्या बाईंचे." मला राग आला होता, पण वहीत मीही तेच लिहिले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाहुणे कमी बोलवा. सहा बुधवार असतील तर दोघांनाच बोलवा, एकेकाला तीन बुधवार द्या. म्हणजे पहिल्या बुधवारी सुरू केलेले त्याला तिसऱ्या बुधवारी पुरे करता येईल. आधी काय झाले ते त्याला फोनवर सांगा. माझी वही आहेच, न्या. बायोडेटा दारावर चिकटवा, ज्याला हवा तो वाचेल. शाल द्यायची तर घरी द्या. आणि वक्ता रेव्हरंड किंवा डॉक्टरच असला पाहिजे, हे कोणी ठरवले? यंदाच्या उत्तम शुक्रवारच्या पत्रिकेवर सात नावे आहेत, सातही जणांच्या नावामागे पदवी आहे आणि सातही पुरुष आहेत.

आपल्याकडेही एक मागणे आहे. ठाण्यात कुठे व्याख्यान आहे, कुठे कीर्तन आहे, हे आपण रोज छापता. लेंटमधल्या मराठी प्रवचनांनाही त्यात दोन ओळी द्याव्यात. ती मराठीतच असतात, दार उघडे असते, तिकीट नसते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

येत्या उत्तम शुक्रवारी, ३ एप्रिलला, ड्रायव्हर पुन्हा येणार आहे. पावणेबारालाच येऊन पंख्याखालची जागा धरतो म्हणाला. "त्या सिस्टर आहेत ना यंदा?" असे त्याने दोनदा विचारले. पत्रिका माझ्या खिशातच होती, मी विषय बदलला.

(नाव छापू नये ही विनंती. आमच्या मंडळीत अक्षर आणि मिनिटे दोन्ही ओळखतील, तो भाग वेगळा.)

एक निवृत्त बसवाहक,
लोकमान्यनगर, ठाणे (प.)