लॉस सँटोसची केस पोलीस ठाण्यातल्या टेबलावरच हरते

संपादक महोदय,

‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) हा व्हिडिओ गेम म्हणजे गाड्या पळवणे आणि गोळ्या झाडणे, असा समज घरोघरी आहे. २०१३ साली आलेल्या ‘जीटीए ५’वर फाइव्हएम या पूरक सॉफ्टवेअरच्या आधाराने जे रोलप्ले (भूमिका वठवण्याचे) सर्व्हर चालतात, तिथे मात्र पोलीस, सरकारी वकील, बचावाचा वकील आणि न्यायाधीश ही सगळी कामे खेळाडूच करतात. लॉस सँटोस या काल्पनिक शहरात रीतसर खटले चालतात. मराठी तरुणही तिथे खेळतात, काही तर कायद्याचे विद्यार्थी आहेत. सहज सुटण्याजोग्या केसमध्ये त्यांना शिक्षा होते, याचे आम्हाला वाईट वाटते. बोलणे कमी पडले म्हणून हे होत नाही. केस कोर्टात उभी राहण्याआधीच पोलीस ठाण्यातल्या टेबलावर गेलेली असते.

अटकेनंतर अधिकारी कलमे वाचतो : इतके महिने, इतका दंड. अनेक सर्व्हरवर शिक्षेचा एक महिना म्हणजे घड्याळातले एक मिनिट. वीस मिनिटे बसू आणि सुटू, या हिशेबाने आरोपी ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. नोंदीत ते ‘गुन्हा कबूल’ असे चढते आणि मग अपिलाला फारसा वाव उरत नाही. खरे तर प्रत्येक कलमावर वेगळे उत्तर देता येते. वेगाची मर्यादा ओलांडल्याचे कबूल करून दरोडा नाकबूल करण्यात काहीच गैर नाही. ‘नाकबूल’ हा शब्द बॉडीकॅम (अधिकाऱ्याच्या अंगावरचा कॅमेरा) सुरू असताना मोठ्याने म्हणावा आणि अधिकाऱ्याने काय टाइप केले ते वाचून दाखवायला सांगावे. सुनावणीपर्यंत शिक्षा थांबते, की आधी भोगून नंतर निर्दोष ठरल्यावर दंड परत मिळतो, हे सर्व्हरगणिक बदलते. म्हणून नियमावलीतले ते पान अटकेच्या आधीच वाचलेले असावे.

‘मला हक्क वाचून दाखवले नाहीत, म्हणून केस रद्द’ हा सर्वांत लाडका गैरसमज. हे सर्व्हर बहुतांशी अमेरिकी कायद्यावर बेतलेले असतात. तिथल्या १९६६च्या मिरांडा निकालाप्रमाणे गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क न सांगता कोठडीत विचारपूस केली, तर त्या विचारपुशीतला जबाब पुराव्यातून वगळला जातो. बाकीचा पुरावा जागच्या जागी राहतो. नुसते गप्प बसणेही पुरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले, की गप्प राहण्याचा हक्क वापरतो आहोत हे आरोपीने स्पष्ट म्हटले पाहिजे. तेव्हा दोनच वाक्ये बोलावीत : मी उत्तर देणार नाही, मला वकील हवा आहे. त्यानंतर पोलीस गाडीत बसून अधिकाऱ्याशी गप्पा मारू नयेत. बहुतेक कबुल्या तिथेच निसटतात.

यानंतरचे काम आरोपपत्र फोडण्याचे. लॉस सँटोस हे लॉस एंजेलिसचे रूप असल्याने कलमांवर कॅलिफोर्नियाची छाप दिसते. तिथल्या कलम २११नुसार दरोडा ठरायला मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या अंगावरून किंवा जवळून, त्याच्या मर्जीविरुद्ध आणि बळाने किंवा धाकाने घेतलेली असावी लागते. यातला एक तुकडा जरी सिद्ध झाला नाही, तरी दरोडा उभा राहत नाही. उरली तर चोरी उरेल. पाठलागाचेही तसेच. पोलिसांना चुकवून पळणे हा साधा गुन्हा. इतरांच्या जिवाची आणि मालमत्तेची पर्वा न करता गाडी हाकली, तर तो गंभीर होतो. अधिकारी सवयीने गंभीरच लावतात. त्या पाठलागात सिग्नल किती मोडले, धडक कोणाला बसली, रस्त्यावर कोण होते, हे फुटेजमधून एकेक करून विचारावे. एकाच कृत्याला चार कलमे जोडली असतील, तर एका कृत्याची शिक्षा एकदाच, हे कॅलिफोर्नियातले कलम ६५४चे तत्त्व पुढे ठेवावे. अर्थात सर्व्हरने स्वतःच्या संहितेत जे घेतले आहे तेच बंधनकारक. बाकीचा युक्तिवाद न्यायाधीशाला पटवावा लागतो.

पुराव्यात सर्वाधिक गोंधळ गोळी झाडल्यावर पडणाऱ्या रिकाम्या पुंगळ्यांचा. खेळातल्या ग्रोव्ह स्ट्रीटवर पुंगळी सापडते, तिच्यावरच्या क्रमांकावरून पिस्तूल कळते, पिस्तुलावरून खरेदीदार, आणि लगेच खुनाचा आरोप. त्या साखळीतून पिस्तूल कोणी विकत घेतले एवढेच कळते. ते चालवणारा हात त्यातून दिसत नाही. पिस्तूल चोरीला गेल्याची तक्रार घटनेआधीची असेल, तर तिची नोंद लगेच काढून घ्यावी. घटनेनंतर केलेल्या तक्रारीला काही वजन नसते. हातावरच्या बारुदाची चाचणी किती वेळाने झाली, मध्ये आरोपी पाण्यात उतरला होता का, पुंगळी कोणी उचलली आणि मुद्देमालात केव्हा जमा केली, हे उलटतपासणीत विचारावे. प्रश्न आखूड ठेवावेत, ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये उत्तर येईल असे. ‘का?’ विचारले, की साक्षीदाराला भाषणाची संधी मिळते. फुटेज लवकर मागावे, सर्व्हर जुने कायम ठेवेलच असे नाही. आणि दुसऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहून मिळवलेली माहिती कोर्टात आणू नये. ते मेटागेमिंग, म्हणजे खेळाबाहेरची माहिती खेळात वापरणे आहे. केस तर जातेच, वर बंदीही येऊ शकते.

झडतीबाबत आपल्याकडचे विद्यार्थी हमखास गफलत करतात. अमेरिकेत बेकायदा झडतीत सापडलेला माल पुराव्यातून वगळण्याचा अर्ज करता येतो. २००९च्या निकालानुसार आरोपी बेड्या घालून पोलीस गाडीत बसला असेल, तर केवळ अटकेच्या नावाखाली त्याची गाडी धुंडाळता येत नाही. ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली त्याचा पुरावा गाडीत असण्याचे वाजवी कारण लागते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या पूरणमल निकालापासून झडती सदोष असली तरी संबंधित पुरावा सहसा ग्राह्य धरला जातो. उलट पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, तिथे येते. वर्गात घोटलेले या सर्व्हरवर जसेच्या तसे लावले, की माणूस नेमका चुकीच्या मुद्द्यावर जोर देतो.

तारखेचेही सांभाळावे. न्यूयॉर्कच्या घड्याळाने रात्री नऊची सुनावणी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, आणि त्यांच्याकडे हिवाळी वेळ असताना साडेसात. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. अधिकाऱ्याने खेळाचा नियम मोडला असेल, तर ती तक्रार सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनकडे द्यावी. न्यायाधीशाला खेळातला कायदाच दिसतो, त्याच्यापुढे ती मांडून उपयोग नाही. खटला काढून टाकतो म्हणून कोणी यूपीआयवर खरे पैसे मागितले, तर तो खेळ उरत नाही. पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०वर कळवावे.

मराठी मंडळी चालवतात त्या सर्व्हरना आमची एक विनंती आहे. न्यायाधीशाने निकाल देताना निदान पाच ओळी कारणे लिहावीत : कोणता पुरावा मानला, कोणता नाकारला, गुन्ह्याचा कोणता घटक सिद्ध झाला. आज अनेक ठिकाणी ‘दोषी’ एवढाच शब्द मिळतो, आणि त्यावर अपील लिहायला बसलेल्या वकिलाला नेमके कशाला आव्हान द्यायचे हेच कळत नाही.

— रोलप्ले न्यायालयांत वकिली करणारे काही वाचक, पुणे