अर्थमंत्री महोदय, मागील बाकी कुठे लिहिली आहे?

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा मालाचं दुकान आहे. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. उधारीची वही मात्र चाळीस वर्षं लिहितो आहे. विधानभवनाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंचे आमदार राज्याच्या तिजोरीबद्दल जे काही ओरडत असतात, त्यातलं बरंचसं माझ्या वहीत आधीच उमटलेलं असतं. म्हणून हे पत्र.

२८ जून २०२४ ला आपल्या खात्याने अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये. राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३,००० एकदम जमा झाले. त्या आठवड्यात दुकानात काय झालं ते सांगतो, कारण मुंबईत कुणाला ते दिसलं नसेल. सुटं तेल पावशेर पावशेर नेणाऱ्या बायांनी पाच लिटरचा डबा उचलला. दोन वर्षं अडकलेली उधारी सहा जणींनी न मागता आणून दिली. एक म्हातारी शंभरच्या नोटा मोजून माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "हे माझं हाय, मालकाचं न्हाई." हे पैसे वाया गेले असं मला कुणी सांगू नये. सत्तेतले म्हणतात की या पैशाने बाजार हलला. आमच्या गल्लीपुरतं ते खरं आहे.

पण आपल्याच बाजूचे काही जण पुढे जाऊन सांगतात की हा पैसा कराच्या रूपाने फिरून सरकारकडेच येतो. तो हिशेब मी करून पाहिला. एका बाईने सगळेच्या सगळे १,५०० तेलावर घातले असं धरा. तेलावर ५ टक्के जीएसटी. म्हणजे कर झाला ७१ रुपये आणि काही पैसे. त्यातला निम्मा राज्याचा, म्हणजे छत्तीसच्या आत. माल तीन-चार हात फिरेल, थोडं आणखी येईल, मान्य. तरी १,५०० दिले आणि १,५०० आले असं होत नाही. शिवाय सगळ्या जणी तेल घेतात कुठे? हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोफायनान्सवाला मोटरसायकल लावून समाजमंदिरात बसलेला असतो. बचत गटाच्या नावावर काढलेल्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता तिथेच वळता होतो. तो पैसा तालुक्याची वेस ओलांडून जातो. माझ्याकडे येत नाही, चपलांच्या दुकानात जात नाही, आणि आपल्या तिजोरीकडे तर नाहीच नाही. बाईचं कर्ज फिटतं, हेही थोडं नाही. पण त्याला बाजाराला चालना म्हणायचं, तर जरा जपून म्हणावं.

आता त्याच वहीतलं दुसरं पान. गावातलाच एक पोरगा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सरकारी बारकी कामं घेतो. शाळेची संरक्षक भिंत, गटार, पाण्याची टाकी. त्याचं एका खात्याकडचं बिल चौदा महिने अडकलं आहे. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याला पुढची कामंही तिथेच मागायची आहेत. काम पूर्ण, मोजमाप पुस्तकात नोंद, साहेबांची सही, सगळं आहे. फक्त निधी नाही. त्याने शेकडा दोनने पैसे उचलून मजुरांना भागवलं, पुढे तेही जमेना. मग मजूर त्याच्या शब्दावर माझ्याकडून बाजार नेऊ लागले. त्या पोराच्या नावाचं पान भरलं, त्याला दुसरं पान जोडलं, आता तिसरं चालू आहे. माझा घाऊक व्यापारी सांगलीचा, तो मला थांबत नाही.

गंमत बघा साहेब. त्या मजुरांपैकी तिघांच्या बायका लाडक्या बहिणी आहेत. सरकारने बायकोला १,५०० दिले आणि नवऱ्याची मजुरी चौदा महिने अडकवली. दोन्हींची बेरीज करून त्या घरात पैसा आला की गेला, हे कोणत्या अहवालात सापडेल? ठेकेदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये ८९ हजार कोटी थकल्याचा दावा केला होता. दावा म्हणजे दावाच, त्यात थोडीफार फुगवाफुगवी असेल. तसं असेल तर खरा आकडा आपण जाहीर करावा. न दिलेलं बिल हेही कर्जच असतं. फरक एवढाच की ते बँकेकडून न घेता आमच्या गावातल्या पोरांकडून बिनव्याजी घेतलेलं असतं, आणि राज्यावरच्या कर्जाच्या आकड्यात ते कुठे दिसत नाही.

या सगळ्यावर तुमचा आणि विरोधकांचा जो वाद चालतो, तो ऐकून हसू येतं. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीपासून, म्हणजे फुकट वाटून मतं मिळवण्यापासून, सावध राहायला सांगितलं. वर्षभराच्या आत त्यांच्याच पक्षाच्या मध्य प्रदेश सरकारने लाडली बहना आणली. कर्नाटकात काँग्रेसने गृहलक्ष्मीचे २,००० सुरू केले. मग आपण १,५०० आणलेत. इथल्या विरोधकांनी त्याला मतांची लाच म्हटलं. निवडणूक आली तसा महायुतीने २,१०० चा शब्द दिला. लगेच तेच विरोधक स्वतः ३,००० द्यायला निघाले. मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा निघतो तेव्हा सुद्धा बोली लावणाऱ्याच्या खिशात काय आहे हे अडत्याला माहीत असतं. इथे तेवढंही नव्हतं. निवडणूक झाली, मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला, आणि हप्ता होता तिथेच, १,५०० वर राहिला. मग छाननी सुरू झाली. १४ हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं निघालं. निवडणुकीआधी अर्ज भरून घेताना आमच्या अंगणवाडी ताईला रात्री अकरापर्यंत मोबाइलवर बोटं झिजवावी लागली होती. तेव्हा कुणाला तपासायला वेळ नव्हता.

आकड्यांकडे येतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारे पैसे, ४५,८९१ कोटी. लाडकी बहीणची तरतूद ३६,००० कोटी. विरोधकांना माझा प्रश्न असा की ही योजना उद्या पूर्ण बंद केली तरी जवळजवळ दहा हजार कोटींची तूट उरतेच. मग सगळं खापर बायांच्या डोक्यावर का फोडता? आणि आपल्याला प्रश्न असा की राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात उसने आणायची एकूण रक्कम, १,३६,२३५ कोटी, म्हणजे उसने आणलेल्या दर शंभर रुपयांतले चौतीस रुपये रोजच्या खर्चाला गेले. दुकानाला माळा चढवायला कर्ज काढलं तर माझी बायको गप्प बसते. मीठमिरचीला कर्ज काढलं तर दोन दिवस जेवायला वाढत नाही. तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची, या कायद्याच्या मर्यादेत आम्ही आहोत, हे आपलं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. मर्यादा तूट किती असावी ते सांगते. कशासाठी आणि कुणाच्या जिवावर, हे ती सांगत नाही.

त्या अर्थसंकल्पानंतर चार महिने व्हायच्या आत, ३० जूनला, ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. महिन्याची यादी देऊन गेलेलं गिऱ्हाईक चार दिवसांनी पोराच्या हाती चिठ्ठी पाठवतं, तसं. एखाददुसरी वस्तू विसरली तर समजू शकतो. इथे अर्धं पोतंच विसरलं होतं. आणि त्याआधी मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी याच योजनेकडे वळवले गेले. आपल्याच मंत्रिमंडळातल्या सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. विरोधकांना वेगळं काही बोलायची गरजच उरली नाही.

रस्त्यांबद्दल एकच सांगतो. आमच्या जिल्ह्यातून आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाचा खर्च २०२५ मध्ये ८६ हजार कोटींच्या घरात धरला होता. त्याला गुंतवणूक म्हणतात, बाईच्या १,५०० ना रेवडी म्हणतात. यंत्रं बाहेरची, ठेकेदार बाहेरचा, आणि द्राक्षबाग जाणार ती आमची. गुंतवणूक हा शब्द ऐकला की आमच्याकडे लोक आधी सातबारा काढून बघतात.

मला मुळात जे सांगायचं आहे ते जुनं आहे, आणि आमच्याच तालुक्यातलं आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांची कल्पना. ती आधी करून पाहिली गेली विसापुरात, इथून सायकलवर जाता येईल इतक्या जवळ. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर उभी राहिली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. काही कामं कागदावरच राहिली, मुकादमांनी खाल्लं, तेही लोकांनी पाहिलं. पण त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी एक गोष्ट केली जी पुढे कुणी केली नाही. दुष्काळ सरल्यावर योजना चालू ठेवायची तर पैसा कुठून आणायचा, हे त्यांनी लोकांना तोंडावर सांगितलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचा आणि खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वापरायचा. त्या निधीत सरकारनेही आपला वाटा घालायचा.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात. हे कशाचे, असं त्याने एकदा विचारलं. तुझ्या आजीच्या खडीचे, असं मी सांगितलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

१९७७ चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला, तेव्हा मुख्यमंत्री आमच्या सांगलीचे वसंतदादा पाटील होते. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी त्यांचं सरकार पाडलं. आणि २६ जानेवारी १९७९ ला तोच कायदा अमलात आणला तो पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारने. एकमेकांच्या खुर्च्या ओढणाऱ्या माणसांनीही त्या कायद्याला हात लावला नाही. मला वाटतं, जमेची बाजू खर्चाच्या शेजारी लिहिलेली होती म्हणूनच ते जमलं. कोण देतो आणि कोण घेतो हे उघड होतं. त्यामुळे भांडायला जागा होती ती कामाच्या दर्जावर, मुकादमाच्या चोरीवर, मजुरीच्या दरावर. योजना खरी की खोटी, यावर नव्हती.

तोच कर वाढवा असं मी म्हणत नाही. त्याला २,५०० ची मर्यादा घटनेनेच घातली आहे. माझं म्हणणं इतकंच की १,५०० द्या, २,१०० द्या, पण त्याच भाषणात, त्याच पानावर, हे पैसे कुणाकडून घेणार ते सांगा. मुंबईतल्या मुद्रांक शुल्कातून? दारूवरच्या करातून? की त्या डिप्लोमावाल्या पोराचं बिल आणखी वर्षभर अडकवून? तिसरं उत्तर असेल तर तेही छातीठोकपणे सांगा. आणि हप्त्याची तारीख ठरवा. महिन्याच्या पाचला म्हणा, दहाला म्हणा. आज कधी महिनाअखेर, कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी सणाच्या आदल्या दिवशी, असे पैसे येतात. ज्या पैशाची तारीख माहीत नाही त्याच्या भरवशावर बाई उधारी करते पण बेत आखू शकत नाही. मीही माल भरू शकत नाही. बाजार हलवायचा असेल तर रकमेइतकीच तारीख महत्त्वाची आहे, हे कुणाही दुकानदाराला विचारा.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही नवी वही घालतो. हळदकुंकू, फूल, पहिल्या पानावर श्री. पण त्याआधी एक काम असतं, माझे वडील ते कधी चुकवत नसत. जुन्या वहीतली प्रत्येकाची मागील बाकी नव्या वहीत ओढून घ्यायची. कुणाकडून येणं किती, कुणाला देणं किती. ते झाल्याशिवाय कुंकवाचं बोट लावायचं नाही. आपण पुढचा अर्थसंकल्प मांडाल तेव्हा पहिल्या पानावर राज्याने थकवलेल्या बिलांची मागील बाकी तेवढी लिहा. खात्यांनुसार, जिल्ह्यांनुसार. मी वाट बघतो. त्या पोराच्या नावाचं तिसरं पान निम्मं भरलं आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार,
तालुका तासगाव, जिल्हा सांगली

प्रत माहितीसाठी : मा. विरोधी पक्षनेते, महाराष्ट्र विधानसभा (पद भरलेलं असल्यास). ३,००० च्या आश्वासनासमोरची जमेची बाजू त्यांनीही कळवावी.