ताई, तुम्ही ती डिश टाकू दिली नाहीत

प्रिय ताई,

तुम्ही लॅब सोडलीत त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला सुचलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या अ‍ॅस्ट्रोसाइट कल्चरचा, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, डिशमध्ये वाढवलेल्या पेशींचा पहिला आलेख तुम्हाला आठवत असेल. उंदराच्या मेंदूतल्या त्या पेशींत पिरियड-२ या शरीराच्या दैनिक घड्याळातल्या प्रथिनाला काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे उजेड पाडणारं विकर, जोडलेलं. प्रथिन वाढलं की उजेड वाढायचा, घटलं की मंदावायचा. साधारण २४ तासांच्या सुरेख लाटा उमटल्या आणि मग रोज बुटक्या होत गेल्या. पेशी मरताहेत, असंच सगळे म्हणाले. तुम्ही म्हणालात, "टाकू नकोस गं, मीडियम बदलून बघ." पेशींचं ते पोषक द्रव बदललं, आणि लाटा पुन्हा उंचावल्या!

मग रात्री उशिरापर्यंत बसून तुम्ही मला १९९५ चा तो शोधनिबंध समजावून दिलात. रॅटच्या सुप्राकायझमॅटिक केंद्रकातल्या, म्हणजे मेंदूच्या मुख्य घड्याळातल्या चेतापेशी सुट्या करून इलेक्ट्रोडवर वाढवल्या, तर एकाच डिशमध्ये प्रत्येकीची वेळ वेगळी निघाली. एकूण उजेड सपाट झाला म्हणून आतली घड्याळं थांबली, असं नसतं. पखवाज थांबल्यावर दिंडीतले टाळकरी आपापल्या ठेक्यात वाजवत राहावेत, तसं ते. ताजं मीडियम त्यांना पुन्हा एका समेवर आणतं. म्हणूनच मोजणी चालू असताना डिशला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच नीट कळलं.

बाकीचं तर तुमच्या हाताकडे बघूनच शिकले. कव्हरस्लिप ग्रीसने चिकटवून डिश बंद करायची. बंद डिशला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही म्हणून मीडियममध्ये आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस घालायचं. फिनॉल रेड हा रंग नको, कारण मुळातच मिणमिणता उजेड तो शोषून घेतो. शोधनिबंधात हे सगळं दोन ओळींत उरकतं. शेजारी उभं राहून कोणी दाखवल्याशिवाय ते जमत नाही, आणि तुमचं स्वतःचं काम अडलेलं असतानाही तुम्ही उभ्या राहिलात. त्याबद्दल मनापासून आभार.

आता याच पेशींसोबत सुप्राकायझमॅटिक केंद्रकाचा काप ठेवणार आहे, ल्युसिफरेज नसलेल्या उंदराचा, म्हणजे दिसेल तो उजेड आपल्या पेशींचाच. अशा सोबतीत अ‍ॅस्ट्रोसाइटची लय टिकते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालंय. मला ते आपल्या डिशमध्ये बघायचंय. आलेख आला की आधी तुम्हाला पाठवते. रात्री फोन आला तर उचला.

तुमची,
लॅबमधली धाकटी