मदत हवी, पण रोग ओळखून

अडचणीतील जहाजबांधणी कंपन्यांना सरकारी पैसा देऊच नये, असे सुचवणारा अग्रलेख वाचला. तो अर्धाच पटला.

या धंद्यात जहाज बांधायला वर्षे लागतात आणि किमतीचा मोठा हिस्सा ग्राहक ताबा घेतानाच देतो. जर्मनीतील मायर वेर्फ्ट या जहाजबांधणी कंपनीच्या करारांत ही रक्कम सुमारे ८० टक्के होती. त्यात करोनापूर्वी ठरलेले दर, मग महागलेले पोलाद आणि वीज. हाती भरपूर काम असूनही कंपनी खेळत्या भांडवलाअभावी अडकली. २०२४ मध्ये केंद्र व राज्य सरकारने ४० कोटी युरो गुंतवून सुमारे ८० टक्के मालकी घेतली, शिवाय कर्जाला हमी दिली. ही नुसती खिरापत म्हणता येणार नाही.

उलट दक्षिण कोरियात देवू या जहाजबांधणी कंपनीसाठी सरकारी बँकांनी २०१५ मध्ये ४.२ लाख कोटी वोनची योजना आखली. दोनच वर्षांत आणखी २.९ लाख कोटी लागले. मधल्या काळात हिशेबांतील बनवाबनवीही उघड झाली.

म्हणून मदतीआधी स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे आणि मदत शक्यतो हाती असलेल्या कामापुरत्या हमीच्या रूपात द्यावी. जुना तोटा भागधारकांनीच सोसावा.

– एक वाचक