फिलाडेल्फियाचा मुका तुरुंग

फिलाडेल्फिया,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहेत. हे फोनवर सांगायचं म्हटलं तर तुम्हाला अर्धं ऐकू येणार नाही, आणि मला तर सगळंच सांगायचंय. आईला सांगा, भाजणी पोचली, पहिलं थालीपीठ त्याच संध्याकाळी झालं.

काल आम्ही इथला जुना तुरुंग बघून आलो. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी. फेअरमाउंट अ‍ॅव्हेन्यूवर, चांगल्या वस्तीत, आजूबाजूला कॉफीची दुकानं, आणि मध्येच ही तीस फूट उंच दगडी भिंत. बांधला तेव्हा हा भाग शहराबाहेर होता, चेरीच्या बागेची जागा, म्हणून लोक त्याला चेरी हिल म्हणायचे. जेल क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलीला भिंतीचं काय नवल? पण आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुमची आठवण आली आणि बाहेर पडेपर्यंत गेली नाही.

बाबा, हा तुरुंग भल्या माणसांनी बांधला. त्याआधी या शहरातल्या जुन्या जेलमध्ये चोर, खुनी, कर्जबाजारी, बायका, पोरं सगळे एकत्र कोंबलेले असायचे. ते पाहून काही सज्जनांनी १७८७ मध्ये कैद्यांचे हाल कमी करण्यासाठी संस्था काढली. डॉ. बेंजामिन रश त्यात होते, क्वेकर पंथाचेही बरेच होते. क्वेकरांची प्रार्थना म्हणजे शांत बसणं. त्यांना वाटलं, गुन्हेगाराला वाईट संगतीतून उचलून एकट्याला शांततेत ठेवलं, हाताला काम आणि वाचायला बायबल दिलं, की आतला माणूस जागा होईल. फटके नकोत, बेड्या नकोत. पेनिटेन्शियरी या शब्दातच पश्चात्ताप आहे.

त्यासाठी जॉन हॅविलंड नावाच्या वास्तुविशारदाने मधोमध एक गोल आणि त्यातून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या सात लांब इमारती काढल्या. १८२९ मध्ये तो सुरू झाला. प्रत्येक कोठडीत एक माणूस, भिंतीला लागून त्याचं स्वतःचं छोटं अंगण, छताला एक झरोका. व्हाइट हाउसमध्ये नळाचं पाणी नव्हतं तेव्हा इथे कोठडीत फ्लशचं शौचकूप होतं, गरम हवेची सोय होती. एवढा खर्च त्या काळी या देशात फार थोड्या इमारतींवर झाला असेल. हेतूत खोट काढता येत नाही.

आणि आता ऐका. कैदी आत आणताना त्याच्या डोक्यावर चेहरा झाकणारी टोपी घालायची, म्हणजे त्याला वाट कळू नये आणि त्याला कुणी ओळखू नये. नाव संपलं, आकडा मिळाला. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स, अठरा वर्षांचा शेतकरी पोरगा, घड्याळ वगैरे चोरलं म्हणून दोन वर्षं. तो झाला नंबर एक. जेवण दाराच्या खिडकीतून. अंगणात रोज तासभर, पण शेजारच्या अंगणात कुणी नसताना. पहारेकरी बुटांवर लोकरीचे मोजे चढवून फिरायचे म्हणतात, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. घरचं पत्र नाही, मुलाखत नाही. तुमच्याकडे मुलाखतीच्या दिवशी गेटबाहेर बायका डबे घेऊन सकाळपासून बसायच्या ना, ते मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

मी एका कोठडीत शिरले. दार इतकं ठेंगणं की वाकूनच जावं लागतं. आत आठ बाय बाराची जागा आणि वरून पडणारा उजेडाचा एक तुकडा. दोन मिनिटं थांबले असेन. मला आठवलं, तुम्ही रात्रपाळीहून आलात की सांगायचात, “तो पाच नंबरवाला रात्री चारदा विचारतो, शिपाईबाबा, किती वाजले? त्याला वेळ नको असते, आवाज हवा असतो.” तुम्ही चारही वेळा उत्तर द्यायचात. इथल्या शिपायाला ते उत्तर द्यायची मनाई होती.

माणसं तरी बोलायचीच. पाइपांवर ठोकून, अंगणाच्या भिंतीवरून चिठ्ठी भिरकावून. सापडलं की शिक्षा. मॅथियास मॅकमसी नावाच्या कैद्याच्या तोंडात त्याबद्दल लोखंडी लगाम घातला, साखळ्यांनी मागे हातांना जखडला, आणि त्यात तो १८३३ मध्ये मेला. फटके नकोत म्हणून बांधलेल्या तुरुंगात, उघडून चार वर्षंही झाली नव्हती. पुढे चौकशी बसली, पण पद्धत चालूच राहिली. १८४२ मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स येऊन गेला आणि त्याने लिहिलं की मेंदूशी चाललेला हा रोजचा खेळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा भयंकर आहे, कारण त्याच्या खुणा वरून दिसत नाहीत. एकांताचा नियम कागदावरून जायला मात्र १९१३ उजाडलं. तोवर गर्दीनेच तो मोडला होता, एकेका कोठडीत दोघे-तिघे राहत होते.

लोकांची झुंबड असते ती अल कपोनच्या कोठडीपुढे. शिकागोचा मोठा गुंड, १९२९ मध्ये इथे हत्यार बाळगल्याबद्दल पकडला, आठेक महिने होता. गालिचा, दिवे, रेडिओ, असं सगळं मांडून ठेवलंय. मी तिथे रेंगाळले नाही. पण पळून जाण्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. १९४५ च्या एप्रिलमध्ये बारा जण शंभरेक फुटांच्या बोगद्यातून भिंतीपलीकडे निघाले. नाव झालं विली सटन या बँक लुटणाऱ्याचं, खरा बोगदा खणला क्लॅरेन्स क्लाइनडिन्स्ट नावाच्या गवंडीकाम जाणणाऱ्या कैद्याने. सटन काही मिनिटांतच सापडला.

१९७१ मध्ये तुरुंग बंद झाला. मग आत झाडं उगवली, गिलावा गळला, मांजरांनी संसार थाटले. १९९४ पासून तो लोकांना बघायला खुला आहे, आणि पडझड मुद्दाम तशीच ठेवलीय. याच महिन्यात रात्री भुताखेतांचा कार्यक्रम असतो, मोठी तिकिटं लावून. त्या पैशांतून भिंती सावरतात हे मला कळतं, पण मॅकमसी ज्या भिंतींत मेला तिथे किंकाळ्यांचा खेळ मला पाहवणार नाही. त्यापेक्षा अंगणात लोखंडाचा सोळा फुटी आलेख उभा केलाय, या देशात कैद्यांची संख्या कशी वाढत गेली ते दाखवणारा, त्यापुढे लोक गप्प होतात ते बरं.

तुम्हाला अंदमानची सहल आठवते? मधला मनोरा आणि सात बाजूंना पसरलेल्या रांगा, एका रांगेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कुणी कुणाला दिसू नये. तिथे आई सावरकरांच्या कोठडीपुढे बराच वेळ हात जोडून उभी होती. काल इथला नकाशा पाहिला आणि पोटात कसंसं झालं. फिलाडेल्फियाची ही पद्धत बघायला इंग्रजांची माणसं आली, लंडनला १८४२ मध्ये पेंटनव्हिलचा तुरुंग तसाच उभा राहिला, आणि जगात तीनशेच्या आसपास तुरुंगांनी या चाकाचा कित्ता गिरवला. अंदमानचं जेल १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं. भल्या माणसांनी पश्चात्तापासाठी शोधलेली कोठडी आपल्या माणसांना मोडण्यासाठी वापरली गेली.

बाबा, तुम्ही नोकरीबद्दल घरी कधी फार बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही, क्वार्टर्समधून निघालो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता विचारते. तो पाच नंबरवाला पुढे सुटला का? घरी कुणी न्यायला आलं होतं का त्याला? दादाला सांगून फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठवा, नाहीतर तुमच्याच अक्षरात लिहा. मी वाट बघतेय.

आईला नमस्कार, दादाच्या पिल्लांना पापा.

तुमची लेक