तिकिटावर ब्रेक दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बस वाहतुकीचे नियम सैल केले की स्पर्धा वाढते आणि प्रवासी सुखावतो, अशा आशयाचा कालचा अग्रलेख वाचला. लिहिणाऱ्यावर बसने जाण्याची वेळ बहुधा येत नसावी. स्पर्धा होते ती भाड्यात, पाय ताणायच्या जागेत नि मोबाइल चार्जिंगमध्ये. ब्रेक लायनर किती झिजलंय हे बघून कोणी तिकीट काढत नाही. मग मालक काटकसर कुठे करणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा?

मध्यंतरी एका खासगी बसमध्ये मागची जागा मिळाली. संकटकालीन दरवाजा शेजारीच, पण त्याच्या पुढ्यात जादा सीट वेल्डिंग करून बसवलेली. तेवढंच एक तिकीट जास्त! काच फोडायच्या हातोडीचा नुसता खाचा. उतारावर ब्रेक लागला की चाकातून लोखंड घासल्याचा कर्कश आवाज. थांब्यावर चालकाला विचारलं, तर म्हणाला, ‘काका, गाडी उभी केली की माझा पगार कापतात. ऑफिसला फोन करा.’ केला. पलीकडच्या मंजूळ आवाजाने प्रवासाला पाच तारे द्यायची विनंती केली.

चालकावर माझा राग नाही. गाडी एकाची, चालक दुसऱ्याचा, देखभाल तिसऱ्याकडे. बिघाड तेवढा बेवारस.

आपण ब्रिटनचा दाखला दिलात. १९८६ साली लंडनबाहेरच्या बस खासगी स्पर्धेला खुल्या झाल्या, हे खरं. मँचेस्टरने आपल्या बस २०२३ ते २०२५ दरम्यान पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या, हेही छापायचं होतं. आणि तिथल्या रेल्वेचं काय? खासगीकरणात रूळ रेलट्रॅक कंपनीकडे गेले, देखभाल कंत्राटदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ रूळ गाडीखाली तुटला, चार जण दगावले. रुळाला तडे गेल्याचं आधीपासून ठाऊक होतं. बदली रूळ आणूनही टाकले होते, कित्येक महिने. बसवायचे तेवढे राहिले! अखेर २००३ मध्ये देखभाल कंत्राटदारांकडून काढून घ्यायचं ठरलं.

जाता जाता आणखी एक. बसचा वरचा प्रसंग मी तेव्हाच आपल्याला कळवला होता. पत्र छापलंत, आभारी आहे. पण दरवाजाचा आणि ब्रेकचा मजकूर ‘जागेअभावी’ गाळलात, उरली ती फोनवरची गंमत. त्याच अंकात बस बुकिंगच्या सवलतीची अर्धं पान जाहिरात होती. तिला बरी जागा सापडली. हे पत्र तरी पूर्ण छापावं.

कळावे,
एक नियमित वाचक